नळीच्या तळाचा ठिपका

माझा धाकटा भाऊ भास्कर गेला, ही बातमी मला बातमीसारखी कळलीच नाही. कळली ती तक्रार. संध्याकाळी गारखेड्यातल्या माझ्या घरी मी मेथी निवडत बसले होते आणि पिशोरहून बापूचा फोन आला. बापू आमच्यातलं शेंडेफळ, गावाकडची शेती तोच बघतो. तो म्हणाला, "अक्का, ट्रॉलीवाल्यानं घात केला गं दादाचा." मला आधी वाटलं, कुणाशी तरी भांडण झालं असेल. भास्करचं तोंड असं होतं की कुणी त्याच्यावर हात उचलला असता तरी मला नवल वाटलं नसतं. मग बापू रडायला लागला तेव्हा कळलं. भास्कर वैजापूरचं दुकान बंद करून घरी निघाला होता. लासूरच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला कांद्याने भरलेली ट्रॉली बंद पडून उभी होती, तिच्यावर त्याची गाडी मागून आदळली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मेथी तशीच टाकून मी उस्मानपुऱ्याला त्याच्या घरी पोचले, तर जमलेल्या प्रत्येकाच्या तोंडी तेच वाक्य. ट्रॉलीवाल्याने घात केला. मीही ते म्हणत होते. शिव्या द्यायला कुणीतरी समोर असलं की रडणं जरा सोपं जातं...

आता महिना उलटून गेला आहे. गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे. मी त्याची थोरली बहीण, त्याचं शेंबडं नाक मी पुसलेलं आहे, तेवढा हक्क मला आहे. भास्करचं वैजापूरला मार्केट यार्डाजवळ खत-बियाण्यांचं दुकान होतं. राहायला तो इथे शहरात, रोजची जा-ये. त्याच्या दुकानात शेतकरी कपाशीचं पान खिशात घालून यायचे. भास्कर ते पान उजेडाकडे धरायचा, कडा करपलेल्या दिसल्या की म्हणायचा, पोटॅश कमी पडलंय. एवढ्यावर थांबला असता तर तो भास्कर कसला? समोरच्याला चार माणसांत झापायचा. एकदा मी दुकानात बसले असताना एका पिकल्या मिशांच्या माणसाला तो म्हणाला, "पान महिनाभर बोंबलत व्हतं, तुला ऐकू आलं नाय व्हय? रोग अंगावर काढायचा आन् मग भास्करकडं यायचं." तो माणूस बिचारा खाली मान घालून ऐकत राहिला. तरी गिऱ्हाईक तुटायचं नाही, कारण त्याचं निदान चुकायचं नाही. दुखणं लपवणाऱ्या माणसाची त्याला मनापासून चीड होती, हे त्याच्या दुकानात पाऊल टाकलेल्या कुणालाही विचारा.

अशा माणसाच्या घरात समुद्र कसा आला, ते सांगायला हवं. एका खत कंपनीने आपल्या दुकानदारांना अंदमानची सहल घडवली. बाकीचे हॉटेलात पत्ते कुटत बसले. भास्कर एका बोटीत बसला, तिच्या तळाला काच लावलेली होती, आणि त्या काचेवर तो जो पालथा पडला तो उठेचना. बोटवाल्याने पाय धरून हलवलं तेव्हा हा म्हणाला, अजून एक चक्कर मार. परत आला तो माझ्याकडे पिशवीभर शंख घेऊन, आणि अर्धा तास नुसता बोलत होता. "अक्का, खाली समद्या रंगांचं शेत हाय गं. जांभळं, निळं, पोपटी. झाडं वाटत्यात, पण झाडं न्हाईत, जनावरं हायेत ती." बोलण्यात इतका कोवळेपणा मी त्याच्या लग्नातही बघितला नव्हता. वर्षभरात त्याच्या दिवाणखान्यात पलंगाएवढी काचेची टाकी आली. त्याच छंदातल्या पुण्या-मुंबईच्या माणसांकडून तो बोटभर लांबीचे प्रवाळाचे तुकडे मागवायचा, दगडावर चिकटवायचा आणि वाढवायचा. पिशोरला सगळे हसायचे. भास्कर घरात खारं पाणी पाळतो म्हणायचे. बापू तर आल्या आल्या विचारायचा, आज मीठ झालं का बराबर, का अजून चिमूटभर टाकायचं?

मीठ ही सगळ्यात सोपी गोष्ट होती, ते विकतच मिळायचं. खरी मेख होती पोटॅशियमची. तेच पोटॅश, जे तो दिवसभर पोत्याने विकायचा. समुद्राच्या लिटरभर पाण्यात ते चारशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं. टाकीतले प्रवाळ ते शोषून घेतात. कमी पडलं की त्यांचा जांभळा-निळा रंग उतरून राखाडी होतो, वाढ खुंटते, आणि जास्त झालं की टोकं जळतात. इतर लोक दर आठवड्याला टाकीतलं बरंचसं पाणी काढून नवं खारं पाणी घालतात, त्यातून आपोआप भरपाई होते. आमच्याकडे पाहुण्याला जेवायला बोलवायचं तर आधी नळाचा दिवस बघावा लागतो. पाणी शुद्ध करणारं मशीन एक बादली चांगलं पाणी देताना त्याहून जास्त वाया घालवतं. ते वाया गेलेलं पाणी सुनंदा, भास्करची बायको, बादल्या-बादल्यांनी भरून फरशीला, संडासाला वापरायची, तरी इमारतीतल्या बायका तिला जिन्यात टोमणे मारायच्या. म्हणून भास्कर टाकीचं पाणी क्वचितच बदलायचा आणि पोटॅशियम वेगळं, पाण्यात विरघळवून, रोज थोडं थोडं हाताने द्यायचा. बापू एकदा म्हणाला, दुकानात ढीग पडलाय, टाकायचं की पेरणीसारखं एकदाच. भास्करने त्याच्याकडे असं बघितलं, की बापूने पुढचा चहा स्वयंपाकघरात जाऊन घेतला.

किती द्यायचं हे ठरवायला दर रविवारी सकाळी तपासणी असायची. ती मी इतक्यांदा बघितली आहे की झोपेतही सांगेन. टाकीतलं थोडं पाणी घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब टाकायचे, मग चिमूटभर पावडर. पाणी दुधासारखं पांढरं होतं. पोटॅशियम जितकं जास्त तितकं ते दूध दाट. मग रेघा आखलेली एक काचेची नळी, तिच्या तळाशी काळा ठिपका. त्या नळीत हे दुधाळ पाणी हळूहळू ओतत वरून डोळा लावून बघत राहायचं. ठिपका दिसेनासा झाला की ओतणं थांबवायचं आणि पाणी कोणत्या रेघेपर्यंत आलं ते वाचायचं. रेघांवरचे आकडे खालून वर कमी होत जातात. दूध दाट असेल तर ठिपका लवकर बुडतो, पातळ असेल तर नळी भरत आली तरी दिसत राहतो. त्याची एकुलती लेक मेधा शाळेत असल्यापासून ओतण्याचं काम तिच्याकडे असायचं. ठिपका मात्र तोच बघणार. त्याने कुठे काही लिहून ठेवलं नाही, कुणाला शिकवलं नाही. मी विचारलं होतं एकदा, तुझ्यामागे हे कोण बघणार? तर म्हणाला, "माझ्यामागं कुणाला जमायचं न्हाई. मरंल ते." आणि हसला. त्याला त्याचाही अभिमानच होता.

गेल्या वर्षभरात त्याच्यात थोडा फरक पडला होता, आणि आम्ही मूर्खांनी त्याचं कौतुक केलं. दुकानात तो पान उजेडाकडे धरेनासा झाला. दोन बोटांत चोळायचा, कडा चाचपायचा, वास घ्यायचा आणि सांगायचा. लोक म्हणायचे, भास्करराव आता पान बघतसुद्धा नाहीत, नुसतं चोळून सांगतात. ही गोष्ट मी स्वतः माझ्या भिशीत फुशारकीने सांगितली आहे. रात्री उशिरापर्यंत दुकान उघडं ठेवणारा माणूस दिवस मावळायच्या आत घरी यायला लागला, तर आम्ही म्हटलं, चला, उशिरा का होईना घराची आठवण झाली. टाकीवरचे निळे दिवे मंद झालेत म्हणून त्याने विकणाऱ्याशी फोनवर कडाक्याचं भांडण केलं आणि आणखी दिवे बसवले. मेधा नोकरीसाठी पुण्यात असते, तिला तो दर रविवारी फोनवर आकडा सांगायचा. तो आकडा वाढत चालला होता. सव्वाचारशे, साडेचारशे, मग त्याच्याही वर. तिने विचारलं, बाबा, तुम्ही जास्त देता का? तेव्हा त्याने पोटॅशियम देणं साफ बंद केलं. गेल्या दिवाळीत ती आली होती, नळी ओतताना सहज वरून डोकावली आणि म्हणाली, मला तर अजून दिसतोय ठिपका. भास्करने नळी तिच्या हातातून काढून घेतली. म्हणाला, तुझी मान वाकडी आहे. आम्ही सगळे हसलो, कारण मेधाची मान खरंच थोडी वाकडी असते.

त्याच्या आधी, पावसाळ्यात, माझ्या दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली. भास्कर रोज भेटायला यायचा. आजारी माणसाच्या उशाशी बसणं हा त्याचा पिंड नव्हता. आमची आई गेली तेव्हासुद्धा तो अंगणातच येरझाऱ्या घालत होता. माझ्याजवळ मात्र स्टूल ओढून बसायचा आणि विचारायचा. दुखलं का? सुई डोळ्यात देतात का? शुद्धीत असतो का माणूस? मी त्याला सांगितलं, अरे, कळतही नाही, पोळ्या लाटायला लागतो तेवढा वेळ लागतो, आणि नंतरची गंमत बघ, ही साडी मी इतके दिवस करडी समजून नेसत होते, ती चक्क निळी निघाली! तो त्या साडीकडे बराच वेळ बघत राहिला. पदर हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला. मला वाटलं, भावाची माया ती, वय झाल्यावर फुटली. शेवटची भेट त्याच्या घरी झाली, तो जायच्या आठवड्यात. टाकीतल्या पसरट पापुद्र्यासारख्या एका प्रवाळाकडे बोट दाखवून त्याने मला विचारलं, हा जांभळा कसा वाटतो? मी म्हटलं, जांभळा कुठला, राखाडी आहे तो. तर म्हणाला, "अक्का, तुझं आपरेशन बिघडलं बघ." यावरही मी हसले होते.

तो गेल्यावर बापूने केस लावून धरली. ट्रॉलीला दिवा नव्हता, अंधार पडला होता, बेपर्वाईने भर रस्त्यात गाडी लावली, असा सगळा मजकूर. ट्रॅक्टर जप्त झाला. ट्रॅक्टर चालवणारा मल्हारी हा मेंढरं राखणाऱ्या घरातला, दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर मजुरीने होता, दोन लेकरांचा बाप. मालकाने त्याला काढून टाकलं. जामिनावर सुटल्यावर तो आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन उस्मानपुऱ्यात दारापर्यंत आला होता. बापू त्याच्या अंगावर धावून गेला, शेजाऱ्यांनी धरलं. मल्हारी पायरीवरून मागे सरकला नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, दिवस मावळला नव्हता. म्या मागं दगडं लावली व्हती, बाभळीच्या फांद्या टाकल्या व्हत्या. मागनं ऊन पडलं व्हतं समदं ट्रॉलीवर. तुमच्या भावाला कसं दिसलं नाय, एवढं सांगा मला." त्याच्या आईने त्याला ओढून नेलं. बापू म्हणाला, निर्ढावलेला आहे. पण वैजापूरहून शहराकडे येताना संध्याकाळचं ऊन पाठीवर असतं, हे मलाही माहीत होतं, बापूलाही माहीत होतं.

मेधा रजा काढून राहिली होती. तिला एकच गोष्ट हवी होती, बाबांची टाकी मरू द्यायची नाही. प्रवाळ राखाडी पडत चालले होते. तिने पुण्याच्या जाणकारांना फोन केले, ते म्हणाले आधी पोटॅशियम बघ. ती म्हणाली, ते तर जास्तच आहे, बाबा सांगायचे. तरी बघ म्हणाले. रविवारी सकाळी मी गेले होते. तिने पाणी घेतलं, थेंब टाकले, पावडर टाकली आणि नळीत ओतायला लागली. साडेचारशेची रेघ गेली, चारशेची गेली. नळी काठोकाठ भरली. ती म्हणाली, माझं काहीतरी चुकतंय. पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिने नळी माझ्यासमोर धरली आणि म्हणाली, आत्या, तू बघ. मी वरून डोळा लावला. पांढऱ्या पाण्याखाली काळा ठिपका स्वच्छ दिसत होता. नळीत आणखी जागा असती तरी तो दिसतच राहिला असता, इतकं पोटॅशियम कमी झालेलं होतं. जाण्याआधी ज्या रेघेवर ठिपका बुडतो असं भास्कर सांगत होता, तिथे तो बुडणं शक्यच नव्हतं.

मी नळी खाली ठेवली नाही. तशीच हातात धरून स्टुलावर बसले. ऑपरेशनच्या आधी मला बशीतलं मीठ दिसत नसे, दुधाच्या पातेल्यात पडलेली मुंगी दिसत नसे. निळं तर काहीच दिसत नसे. मला ती साडी आठवली. डोळ्यांजवळ नेलेला पदर आठवला. नळीतलं दूध पातळच होतं आणि ठिपका त्याच्या डोळ्यांपुरता बुडत होता. डोळे जसजसे गढूळ होत गेले तसतसा तो आणखी लवकर बुडायला लागला, आकडा वाढत गेला, आणि भास्करने पोटॅशियम बंद केलं. प्रवाळांचा रंग उतरला, तोही त्याला दिसला नाही. चोळलेली पानं, लवकर बंद होणारं दुकान, मंद झालेले दिवे... मी मेधाला एकेक सांगत गेले. माझं बोलणं पुरं व्हायच्या आत तिने विचारलं, "मग गाडी?"

सुनंदा स्वयंपाकघरात होती. मधलं दार उघडं होतं. तिने सगळं ऐकलं होतं हे तिच्या पाठीवरून कळत होतं. मी आत गेले तर ती कणीक तिंबत होती, आणि कणीक केव्हाच तिंबून झाली होती. मी विचारलं, सुनंदा, तुला माहीत होतं? तिने कणकेवर ताट झाकलं, हात धुतले. मग म्हणाली, डॉक्टरांनी उन्हाळ्यातच सांगितलं होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. गाडी चालवू नका म्हणाले होते. "अक्का, मी लई मागं लागले. तर म्हणायचे, पिकू दे. पिकल्याबिगर काढायचा नसतो. कुणाला सांगायचं न्हाई म्हणून मेधाच्या गळ्याची शपथ घातली मला."

पिकू दे. आयुष्यभर दुसऱ्यांना वेळेवर औषध मारा म्हणून झापणारा माणूस स्वतःच्या डोळ्यांना अढीतल्या आंब्यासारखं पिकू देत होता. आता तसं थांबायची गरज नसते, हे त्याला माझ्याच डोळ्यांवरून कळलेलं होतं. कारण वेगळं होतं आणि ते मला माहीत आहे. आमच्या वडिलांचा मोतीबिंदू खूप वर्षांपूर्वी गावच्या एका शिबिरात काढला होता. जखम चिघळली आणि तो डोळा गेला. त्यांना शिबिरात हाताला धरून घेऊन गेला होता भास्कर, तेव्हा तो कॉलेजात होता. वडिलांनी त्याला कधी दोष दिला नाही, पण जेवताना ते भाकरी चाचपायचे, आणि भास्कर पानावरून उठून जायचा. तो घाबरला होता. एवढंच होतं ते. ही गोष्ट त्याने मला सांगितली असती तर मी त्याला कान धरून दवाखान्यात नेलं असतं. तो माझ्याजवळ येऊन नुसताच विचारत राहिला, दुखलं का, सुई देतात का, आणि उठून गाडी चालवत वैजापूरला गेला. रोज. त्या रस्त्यावरच्या सगळ्यांच्या जिवावर उदार होऊन. याचा मला राग येतो, अजूनही येतो.

बापूला बोलावून घेतलं. त्याने सगळं ऐकलं, नळीकडे बघितलं, आणि म्हणाला, "काचंच्या नळीवरनं माझ्या दादाला आंधळा ठरवायला निघालात?" मी म्हटलं, त्या मल्हारीचं काय? तो म्हणाला, त्याचं वकील बघंल. मेधाने समजावलं, मी समजावलं. तो ऐकेना. गावात लोक काय म्हणतील, भास्करला दिसत नव्हतं आणि तो आमच्या पानांचं निदान करत होता? दादाचं नाव मातीत जाईल. मग एकदम रडायला लागला. म्हणाला, ट्रॉलीवाला नसंल तर मी कुणाला धरू अक्का? त्याने टाकी रिकामी करून विकून टाका असंही सुचवलं, मेधा त्यावर फक्त नाही म्हणाली. सगळं अडलं होतं ते सुनंदावर. डॉक्टरांचं बोलणं तिने एकटीने ऐकलेलं होतं. नळीतला ठिपका पोलिसांना काय कळणार? सुनंदाने ठाण्यात जाऊन सांगितलं तरच त्या माणसाला काही उपयोग. आणि तिच्या गळ्यात शपथ होती, पोरीच्या गळ्याची.

सुनंदा इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती. ती बोलली ती बापूशी, आवाज न चढवता. म्हणाली, शेवटी शेवटी ते टाकीला कपाळ टेकवून बघायचे. त्याशिवाय दिसायचंच नाही काही. काचेवर कपाळाचा, नाकाचा तेलकट डाग पडायचा. "संध्याकाळी ते घरी यायच्या आत मी पुसून टाकायचे. कुणी आलं, कुणी विचारलं, तर काय सांगायचं? रोज पुसलं, भाऊजी. आता मी काही पुसणार न्हाई." बापू उठून गॅलरीत गेला. मेधाने आईचा हात धरला आणि म्हणाली, माझ्या गळ्याची शपथ ना, मग ती मीच सोडवते.

आम्ही तिघी ठाण्यात गेलो. जबाब झाला, डॉक्टरांचं नाव दिलं. केसचं पुढे काय व्हायचं ते होईल. मल्हारीला बोलावलेलं होतं, तो बाहेर बाकावर बसला होता. सुनंदाने त्याला डोळ्यांचं सगळं सांगितलं आणि त्याच्यासमोर हात जोडले. तो उभा राहिला, पण काही बरं वाटल्यासारखं त्याच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. म्हणाला, "हेच म्या पहिल्या दिसापासनं इचारत व्हतो. कुणी सांगितलं नाय." आणि चपला घालून निघून गेला. त्याने आम्हाला माफ करावं अशी माझी अपेक्षाही नाही.

बापू बोलत नाही माझ्याशी. हा लेख छापून आला की नातेवाइकांपैकी आणखी काही बोलेनासे होतील. गावात आणि वैजापुरात भास्करच्या नावाने जे किस्से चालू आहेत, नुसतं पान चोळून सांगायचे वगैरे, ते ऐकून घेणं मला आता जमत नाही, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते आहे. सुनंदाला मी आधी विचारलं. ती म्हणाली, लिहा, पण ते भित्रे होते असं लिहू नका. मी तिला हो म्हटलं होतं. ते मला पाळता आलं नाही.

मेधा पुण्याहून दर शनिवारी येते. अधल्यामधल्या दिवसांचं पोटॅशियम सुनंदा देते, मेधाने मापून दिलेलं, चहाच्या चमच्याने. एकदम वाढवायचं नसतं, म्हणून सगळं हळूहळू चालू आहे. त्या पसरट प्रवाळाच्या कडेला परवा बारीकशी जांभळी किनार दिसली. मेधाने मला हाक मारून दाखवली. टाकीच्या बाकीच्या काचा तिने लखलखीत पुसल्या आहेत, समोरच्या काचेचा एक तळहाताएवढा भाग सोडून. तिथे डाग आहे. त्या दिवशी सकाळी दुकानाला जाण्यापूर्वी तो बघून गेला, आणि संध्याकाळी फोन आला, त्यामुळे तेवढा सुनंदाच्या हातून पुसायचा राहिला. खाली नाकाचा ठसा, वर कपाळाचा. कुणी नसताना मी तिथे माझं कपाळ टेकवलं. मला वाटलं होतं, त्याला दिसत होतं तेवढं तरी दिसेल. काहीच दिसलं नाही. धड डोळ्यांना इतक्या जवळचं दिसत नसतं.